वरच्या सरांच्या सदतीस दखली

साऱ्या मीरा-भाईंदरमध्ये आमच्या वरच्या सरांइतका मन लावून दुर्लक्षित राहिलेला दुसरा माणूस कुणी दाखवून द्यावा, मी तीस वर्षं मराठी शिकवल्याचं नाव टाकून देईन. तशी दुर्लक्षित माणसं आमच्या सिल्व्हर पार्कात काही कमी नाहीत. शेजारी नवं कुटुंब राहायला आल्याचं आम्हाला दाराबाहेरच्या चपलांवरून कळतं, आणि गेल्याचं दारावरची पाटी बदलली की. मी गिरगावातून इथे आले त्याला कितीतरी वर्षं झाली, पण समोरचे अजून मला 'आंटी' म्हणतात. नाव विचारायची त्यांच्यावर वेळच आलेली नाही. पण आम्ही सगळे नाइलाजाने दुर्लक्षित. सरांनी त्यासाठी आयुष्य वेचलं होतं. सुट्ट्या घालवून, डोळे फोडून, एकेक शब्द तासून त्यांनी अकरा शोधनिबंध लिहिले होते, आणि ते वाचायचे नाहीत असं जगातल्या लोकांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं.

घोडबंदर रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते कॉम्प्युटर शिकवत. उंच, किंचित पुढे झुकलेले, खिशाला तीन पेनं आणि त्यांतलं एकही न चालणारं. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणत, तेही दूध आणायचं राहून गेलं अशा सुरात. गाव रत्नागिरीकडचं, तिथे एक थोरले भाऊ होते, त्यांच्याशी आंब्याच्या झाडांवरून की कशावरून बोलणं बंद होतं. संशोधनाचा विषय एकच, तोही तरुणपणी धरलेला: मराठी शब्दाचं मूळ शोधायला संगणकाला शिकवायचं. 'घरातल्यांनासुद्धा' असा शब्द समोर आला की वरचे सगळे प्रत्यय सोलून आतलं 'घर' त्याला काढता आलं पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. सरांची तीस वर्षं त्यात गेली आणि 'घर' कधी निघायचं, कधी नाही.

आमची ओळख झाली तीही याच पायी. माझे यजमान जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. एका सकाळी बेल वाजली, दार उघडलं, तर हे वरचे गृहस्थ घामाघूम होऊन उभे. मला म्हणाले, "बाई, गेला."

मी विचारलं, "कोण गेला?"

"कोणी नाही. 'गेला', क्रियापद. मूळ 'जा' आहे हे मला ठाऊक आहे, पण ते संगणकाला कसं पटवायचं? 'ज'चा 'ग' होतो कुठे? तुम्ही मराठीच्या बाई आहात असं वॉचमन म्हणाला."

मी भिंतीला धरून उभी राहिले, आणि मग कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा हसले. त्यांना आत बोलावलं, चहा दिला. चहा पिताना त्यांनी मला 'गेला'सारखे आणखी चाळीस अवघड शब्द विचारले, आणि उठताना दुसरा कप रिकामा करून म्हणाले, "चहा मी घेत नाही खरं तर." तेव्हापासून आठवड्यातून दोनदा-तीनदा ते जिना उतरून यायचे. मी त्यांना शब्द द्यायचे आणि ते मला त्यांच्या प्रोग्रामचे पराक्रम सांगायचे. शेवटी 'ला' आला की तो काढून टाकायचा, असं त्यांनी त्या प्रोग्रामला शिकवलं होतं. 'चहाला'तून 'चहा' निघाला, 'आईला'तून 'आई' निघाली, सगळं सुरळीत चाललं होतं. मग त्याने 'मसाला'तून 'मसा' काढला, 'बंगला'तून 'बंग' काढला. माझं नाव शीला. सरांनी ते मोठ्या कौतुकाने प्रोग्रामला दिलं, पडद्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप हळूच मिटला. मी हट्टाने उघडायला लावला. आत माझं मूळ 'शी' असं लिहिलेलं होतं.

सरांचं बोलणं समजून घ्यायला मला एक वर्ष लागलं. ते 'पेपर' म्हणायचे तेव्हा परीक्षेचा नव्हे, शोधनिबंध. पेपर पाठवला की दोन-तीन अनोळखी विद्वान तो गुपचूप तपासतात. त्यांतला पहिला बरं बोलतो आणि दुसरा चावतो. हा दुसरा म्हणजे सगळीकडे एकच माणूस आहे, अशी सरांची पक्की समजूत होती. आमच्या बिल्डिंगीतल्या बायका सासूबद्दल बोलताना आवाज जसा खाली आणतात, तसा आवाज करून ते म्हणायचे, "त्या दुसऱ्याने परत पाठवला." वर्षं, महिने त्यांच्या लक्षात राहत नसत, सगळा काळ ते पेपरांवरून मोजायचे. गच्चीवरची टाकी फुटली ती सातवा पेपर परत आला तेव्हा. माझ्या मुलीचं लग्न झालं आणि ती बंगळुरूला गेली ते आठव्यात. ते हे इतक्या सहज म्हणायचे की मलाही सवय लागली. मुलीला मी एकदा फोनवर म्हणाले, "तू नवव्या पेपरनंतर आलीच नाहीस गं." ती घाबरली.

आणि मग दखल. एकाच्या पेपरचा उल्लेख दुसऱ्याने आपल्या पेपरच्या शेवटच्या यादीत केला की त्याला सायटेशन म्हणतात. सरांना त्याला मराठी शब्द हवा होता. मी 'दखल' सुचवला, तो त्यांना फार आवडला. कुणाच्या किती दखली झाल्या हे सांगणारी एक साइट असते. सर आंघोळ केल्याशिवाय ती उघडत नसत. ओल्या केसांनी, देवासमोर बसावं तसे पाटावर बसायचे आणि आपला आकडा पाहायचे. माझी ओळख झाली तेव्हा तो एकोणीस होता, आणि मी सांगते त्या दिवसांत सदतीसवर आला होता. त्यांतल्या नऊ दखली त्यांनी स्वतःच स्वतःच्या घेतलेल्या होत्या. ते लपवायचे नाहीत. "घरच्या नऊ, बाहेरच्या अठ्ठावीस," असं फोड करून सांगायचे. "आपल्याच लग्नात आपणच अक्षता टाकाव्यात तसं आहे ते, पण मांडव अगदीच रिकामा दिसू नये म्हणून टाकतात सगळेच."

शिवाय एच इंडेक्स नावाचं एक प्रकरण होतं. तो सरांचा चार होता. तो काय असतो हे त्यांनी मला, पेपर म्हणजे विद्यार्थी आणि दखली म्हणजे मुलं धरून, असं समजावलं: "समजा, बाई, तुमच्या चार विद्यार्थ्यांना प्रत्येकी निदान चार मुलं झाली, तर तुमचा इंडेक्स चार."

"आजकाल कुणाला चार मुलं होतात, सर?"

"तेच तर," ते खिन्नपणे म्हणाले. "म्हणून तर पाच होत नाही."

बाहेरची दखल आली की त्या दिवशी सर खाली फरसाणवाल्या शेठकडून पावशेर जिलेबी घ्यायचे आणि आमच्या बिल्डिंगीत वाटायचे. शेठ गुजराती. त्याला यातलं इतकंच कळलं होतं की सर कसलीतरी मॅच खेळतात आणि ती फार हळू चालते. सर दिसले की काउंटरमागून ओरडायचा, "सरजी, स्कोर?" सर हात वर करून सांगायचे, "छत्तीस!" शेठ म्हणायचा, "संभालके खेलो, विकेट मत फेंकना." जिलेबी खाणाऱ्यांपैकी कुणालाच ती कशाची हे ठाऊक नसे. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तर समजून होत्या की सरांना दर सात-आठ महिन्यांनी पुतण्या होतो.

ज्याने दखल घेतली असेल त्याला सर आभाराचं पत्र पाठवायचे. जगाच्या कुठल्या कोपऱ्यात तो माणूस असो, त्याला सरांची सविस्तर ईमेल जायची: आपण माझ्या पेपरची दखल घेतलीत, मी ऋणी आहे, आपल्याकडे हवामान कसं आहे, कधी मुंबईकडे आलात तर घर आपलंच आहे. उत्तरं फारशी येत नसत. एकदा एकाने आपल्या पेपरात सरांची पद्धत साफ चुकीची आहे असं लिहून दखल घेतली होती. मला वाटलं, आता हे दोन दिवस जेवायचे नाहीत. तर जिलेबी घेऊन दारात हजर. म्हणाले, "अहो बाई, चूक आहे म्हणायला आधी वाचावं लागतं! आणि हा गृहस्थ पान पाचवरच्या तक्त्यापर्यंत पोचलाय. तिथवर आजपर्यंत कोणी आलं नव्हतं."

असा हा माणूस. आणि मग एके दिवशी सकाळी ते पाटावर बसले, साइट उघडली, आणि सदतीसच्या जागी साडेचार हजार होते.

ही बातमी आमच्यापर्यंत सरांकडून आली नाही. त्यांच्या कॉलेजातल्या कुणीतरी पाहिली. दुपारपर्यंत प्रिन्सिपॉलांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. एवढ्या वर्षांत तिथे ते उभ्यानेच बोलत आले होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि सरांचं प्रोफेसरपद कितीदा तरी हुकलं होतं. आता पुढच्या महिन्यात कमिटी येणार होती आणि हा आकडा समोर ठेवला की काम फत्ते, असं प्रिन्सिपॉल म्हणाले. सत्कार झाला. शाल, नारळ. शेठने ऐकलं आणि सरांच्या हातात स्वतःहून किलोभर जिलेबी ठेवली. "साडे चार हजार! सरजी, ये तो वर्ल्ड रेकॉर्ड हो गया." आमच्या प्रभागात एक उत्साही भावी नगरसेवक आहेत. भावी म्हणजे मी इथे आले तेव्हापासूनच भावी. त्यांनी चौथ्या दिवशी नाक्यावर मोठा फ्लेक्स लावला: 'जागतिक कीर्तीचे संगणक शास्त्रज्ञ, आपल्या प्रभागाचा अभिमान'. त्यात भावी नगरसेवकांचा फोटो हात जोडलेला आणि पुरुषभर उंच. सरांचा सोसायटीच्या फॉर्मवरून उचललेला, नुकतंच कुणीतरी ओरडल्यासारखा.

त्या आठवड्यात सर माझ्याकडे एकदाही आले नाहीत. वर मात्र माणसांची ये-जा होती. फोनवर बोलल्याचे, हसल्याचे आवाज येत. जिन्यात भेटले तेव्हा नवा शर्ट होता. "लहानपणीचे मित्र येतायत, बाई," म्हणाले, "आणि दादाचा फोन आला. रत्नागिरीहून. स्वतःहून." मला बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर जरा लागलंही. आपल्या वाट्याची खुर्ची रिकामी राहिली की माणसाला लागतं.

नवव्या दिवशी दुपारी ते आले. बसले. चहा पुढे केला तर कपाकडे नुसते पाहत राहिले.

"बाई, ते माझे नाहीत."

"काय तुमचे नाहीत?"

"ते साडेचार हजार. माझ्याच आद्याक्षरांचा, माझ्याच आडनावाचा एकजण परदेशात असतो. कॅमेऱ्यातून चेहरा ओळखण्यावर त्याचं काम आहे. फार मोठा माणूस. साइटने चुकून त्याचं सगळं माझ्या नावावर टाकलंय. आमचं आडनाव कोकणात पायलीला पन्नास, होतं असं."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. दहा मिनिटांत." ते खाली बघून म्हणाले. "तिथे एक बटण असतं, 'हे माझं नाही' असं म्हणायचं. मी रोज ते उघडतो. आठ दिवस झाले, बाई. दाबलं नाही."

तेच पुढे म्हणाले, "प्रोफेसरपदासाठी नाही हो. म्हणजे, त्यासाठीही असेल थोडं. पण फोन वाजतो. सकाळी वाजतो, संध्याकाळी वाजतो. दादाने विचारलं, जेवतोस कुठे? बारा वर्षांनी विचारलं. आता हे काढलं की..."

वर्गात कॉपी करणाऱ्या मुलांना मी दाराबाहेर उभं केलेलं आहे. एकाला तर वार्षिक परीक्षेतून उठवलं होतं, त्याची आई माझ्या पाया पडली तरी ऐकलं नव्हतं. पण त्या दुपारी त्यांच्याकडे बघून मी म्हणाले, "राहू द्या ना, सर. कुणाचं काय जातंय? महिनाभराने काढा. कमिटी येऊन जाऊ दे."

सरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. रस्ता विचारायला थांबावं आणि समोरचाही आपल्यासारखाच नवखा निघावा, तसं ते पाहणं होतं.

"तुम्ही असं म्हणालात तर मग मी कुणाला विचारू, बाई?" ते म्हणाले.

त्यानंतर मीच उठले, त्यांचा लॅपटॉप वरून आणायला लावला आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर आम्ही ते काम काढलं. साइटवर एकदम सगळं पुसायची सोय असेल, पण सरांना ती नको होती. त्यांना एकेक बघून काढायचं होतं. त्या मोठ्या माणसाचे पेपर दोनशेच्या घरात. मी एकेकाचं इंग्रजी नाव वाचायचे, सर म्हणायचे, "त्यांचा," आणि बटण दाबायचे. प्रत्येक वेळी आकडा खाली यायचा. "त्यांचा." "त्यांचा." "हा फार सुंदर पेपर आहे, बाई, मी वाचलाय. त्यांचा." अधूनमधून एखादा मराठी शब्दांच्या मुळांचा यायचा आणि सर जरा ताठ बसून म्हणायचे, "हा आपला." मधे माझा घसा बसला, मी पाणी पिऊन आले. पाच वाजता सदतीस उरले. मी सुटकेचा श्वास सोडला तर सर पडद्याकडे वाकून बघत होते.

"थांबा," ते म्हणाले. "हे बघा. माझा चौथा पेपर. खाली ह्या पाच दखली आहेत ना, त्या ज्या पेपरच्या आहेत त्याच्या नावात 'हिंदी' आहे. माझ्यात 'मराठी'. बाकी नाव तेच, वर्ष तेच. हा कोणी तिसराच आहे, बाई. इतकी वर्षं ह्या पाच मी माझ्या धरल्या."

"सर, आता ह्या राहू द्या. ह्या जुन्या आहेत."

"ह्या पाचांनाही मी आभाराची पत्रं पाठवली होती," ते आठवून आठवून म्हणाले. "त्यांतल्या एकाने उत्तर पाठवलं होतं: 'कशाबद्दल?' मला वाटलं, किती नम्र माणूस!" आणि ते हसायला लागले. मीही हसायला लागले. हसता हसता त्यांनी बटण दाबलं. सदतीसचे बत्तीस झाले आणि चारचा इंडेक्स तीन झाला. मग आमच्या दोघांचंही हसणं थांबलं, आणि सरांनी लॅपटॉप हळूच मिटला.

पुढचं सगळं त्यांनी एकट्यानेच केलं. प्रिन्सिपॉलांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "सर, कमिटी जाईपर्यंत थांबता आलं नसतं का?" सर म्हणाले, "थांबलो असतो, पण आधीच आठ दिवस थांबलो होतो." भावी नगरसेवकांकडे फ्लेक्स काढा म्हणून गेले. ते खुर्चीतून न उठता म्हणाले, "सर, तुम्ही पण ना! पब्लिकला काय कळतंय? राहू दे गणपतीपर्यंत, मग आमच्या वाढदिवसाचा लावायचाच आहे तिथे." मग सर तीन दिवस कॉलेजातून येताना त्या फ्लेक्सखाली उभे राहून ओळखीच्या माणसांना थांबवून सांगत होते, की हा मी आहे पण हे खरं नाही. लोक मान डोलवायचे आणि अभिनंदन करायचे. शेठला मात्र ते लगेच पटलं. "मतलब थर्ड अंपायर ने कैंसल किया," तो म्हणाला, आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "कोई नहीं सरजी. बत्तीस भी बत्तीस होता है."

त्या परदेशातल्या मोठ्या माणसालाही सरांनी माफीचं लांबलचक पत्र लिहिलं: नऊ दिवस आपली कीर्ती माझ्याकडे होती, मी ती परत करतो आहे, उशिराबद्दल क्षमा असावी. दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं. त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

आणि रत्नागिरीला फोन केला. हे त्यांनी मला फार नंतर सांगितलं. भाऊ सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे तो तू नाहीस?" सर म्हणाले, "नाही." भाऊ म्हणाले, "बरं." तो फोन पुन्हा वाजला नाही. नव्या शर्टाचे मित्रही हळूहळू कामाला लागले. कमिटी आली आणि गेली. सर जसे होते तसेच निवृत्त झाले. त्या दिवशी शाल कुणाकडे राहिली म्हणून नुसता नारळ मिळाला, तो त्यांनी मला आणून दिला. मी त्याच्या वड्या केल्या आणि आम्ही दोघांनी त्या चार दिवस पुरवून खाल्ल्या.

निवृत्तीनंतर ते खचतील अशी मला भीती होती. महिनाभर ते खरंच घराबाहेर पडले नाहीत. मग एका रविवारी खाली आले आणि म्हणाले, "बाई, मुर्धा गावात येता? तिथे जुनी माणसं आपल्या क्रियापदांना काहीतरी वेगळंच करतात म्हणे. इतक्या जवळ राहून मी कधी ऐकलंच नाही." पेपर होणार होता का त्याचा? मी विचारलं. "छे," ते म्हणाले. "आता कोण छापतंय! ऐकून तर येऊ."

भाईंदर वेस्टवरून बस धरून आम्ही गेलो. रस्त्याच्या एका अंगाला नव्या टॉवरांचे पत्रे लागलेले, आणि दुसऱ्या अंगाला जिथे मिठागरं होती तिथे नुसतं पांढुरकं, भेगाळलेलं पाणथळ. गावात शिरल्यावर एका अंगणात एक म्हातारी बाई सुकट निवडत बसली होती. वय ऐंशीच्या पुढचं असावं. तरुणपणी मिठागरावर राबलेली; तळपाय अजून कडक, पांढरे. सरांनी नेहमीच्या अवघडलेल्या पद्धतीने आपण कोण, कशाला आलो ते सांगितलं. तिला त्यातलं काही कळलं नसावं. तिने दोघांना ओट्यावर बसवलं, माझ्याकडे बघून विचारलं, "ही बायको हाय का तुजी?" सर इतके गडबडले की हातातलं पेन पडलं. मी म्हणाले, "नाही हो, शेजारीण." ती म्हणाली, "शेजारीन बी चांगली. चा घ्याल का?"

मग ती बोलत राहिली. मीठ कसं ओढायचं, पाय कसे फुटायचे, नवरा भरतीत होडी घेऊन कसा जायचा. सर एकेक शब्द कागदावर उतरवत होते. तिच्या बोलण्यात 'आहे'चं 'हाय' होत होतं आणि 'नाही'चं 'न्हाय'. सर दर वेळी माझ्याकडे अशा आनंदाने बघत, जसा काही तो शब्द तिने तिथेच, त्यांच्यासाठी घडवला होता.

बोलता बोलता म्हातारी थांबली. सुकटीचं सूप बाजूला ठेवून सरांकडे नीट बघत तिने विचारलं, "आन तुज्या घरान कोन कोन हाय?"

सर लिहीत होते. त्यांचा हात थांबला. एरवी ह्या प्रश्नाला ते 'राहून गेलं' म्हणत. या वेळी त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि अगदी तिच्याच उच्चारात, एखाद्या मुलाने धडा म्हणावा तसे म्हणाले, "कोन न्हाय."

म्हातारीला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिने सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "मंग ये की," ती म्हणाली. "आयतवारी मी हायच."

तेव्हापासून दर रविवारी ते मुर्ध्याला जातात. पहिल्या काही वेळा मी गेले. आता माझे गुडघे बसच्या पायरीला नाही म्हणतात. म्हातारी त्यांना जेवू घालते, रागावते, आणि ते 'हाय', 'न्हाय' गोळा करून आणतात. त्याचं पुढे काय करणार हे त्यांनाही ठाऊक नाही, आणि आता ते त्याची पर्वाही करत नाहीत. सकाळी नऊ वाजता जिन्यावरून त्यांची पावलं खाली जातात. माझ्या दाराशी क्षणभर थांबतात. "येतो, बाई," ते बाहेरूनच म्हणतात. मी आतून "या" म्हणते. मग बिल्डिंग अगदी शांत होते, आणि चहाचं पाणी ठेवताना माझ्या हातून अजूनही दोघांचं पडतं.